सुपाबाहेरचे तांदूळ

अमिषाचं लग्न निघालं ते साल दोन हजार पंचवीस. पण नाखव्यांच्या घरात साल कुणी आकड्यानं सांगत नाही. सोनाबाईचा आवाज गेला त्याच्या दुसऱ्या वर्षाचा वैशाख, असं सांगतात, आणि बोरखारच्या सगळ्या कोळीवाड्याला ते लगेच कळतं. कारण तो आवाज एका घरचा नव्हता. पन्नास वर्षं सोनाबाई वाड्याची धवलारीण होती. हळदीच्या दिवशी मांडवात सूप मांडून देवांना आणि घरच्या गेलेल्या माणसांना गाऊन बोलावते, ती धवलारीण. तिनं बोलावल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. मग दारात भटजी येवो नाहीतर डीजे.

डॉक्टरांनी सोनाबाईच्या गळ्यातली गाठ काढली, आणि गाठीबरोबर आवाजही गेला. तेव्हापासून ती पाटीवर लिहून बोलत होती. लिहायला ती साठीत शिकली, साक्षरतेच्या वर्गात, कंदिलाची काच पुसणाऱ्या बाईसारखी एकेक अक्षर जपून. पाटीवर तिचे तीन शब्द मावायचे. चौथ्यासाठी पुसायला लागायचं. त्यामुळे ती आता फार मोजकं बोलायची, आणि जे बोलायची ते घरात दिवसभर घुमत राहायचं.

लग्नाला पंधरा दिवस असताना तिच्या थोरल्या मुलानं, दत्तात्रेयानं, मुरुडहून पत्रिका छापून आणल्या. चारशे. गठ्ठ्याची दोरी सोडून त्यानं पहिली पत्रिका आईच्या हातात दिली. सोनाबाईनं चष्मा लावला, बोट ओळीवर ठेवलं, आणि बोट एका जागी थांबलं. 'कै. विनेश धर्माजी नाखवा यांची कन्या.'

तिनं नातवाच्या दप्तरातलं निळं पेन घेतलं आणि पडवीत बसली. दोन दिवसांत चारशे पत्रिकांवरचं 'कै.' तिनं खोडून काढलं.

"चारशे पत्रिकांचा चिखल केला!" दत्तात्रेयाची बायको रचना म्हणाली. "मुरुडची व्याही मानसं काय म्हनतील?"

दत्तात्रेयानं आईपुढं हात जोडले. "आई, नऊ वर्षं होत आली. किती दिवस?"

सोनाबाईनं पाटी ओढली. लिहिलं : 'तू बगितलास?'

दत्तात्रेयानं बघितलं नव्हतं. कुणीच बघितलं नव्हतं. त्याचे दोघे धाकटे भाऊ, विनेश आणि कान्हा, नारळी पुनव झाल्यावर होडी घेऊन गेले. होडी तिसऱ्या दिवशी खडकांजवळ पालथी मिळाली, जाळ्यासकट. भाऊ मिळाले नाहीत. त्या दिवसापासून घरात एकच शब्द रुळला होता : ते 'आले नाहीत'. त्यापुढचा शब्द कुणी तोंडातून काढला नव्हता.

काढायचा तरी कधी? कोळीवाड्याची रीत अशी, की गेलेल्या माणसाचं नाव पितरांच्या ओळीत घालायचं ते त्याच्याच घरच्या लग्नात, आणि धवलारणीच्याच तोंडून. बुडालेल्या माणसाचा देह सापडला नाही तर दहावं-तेरावं होत नाही. ओळीत नाव घेतलं की झाला तो मेलेला, आणि त्याच्या बायकोनं तिथंच मंगळसूत्र उतरवायचं. नाव घेतलं नाही तर तो जिवंत, वाटेवर. सहा वर्षांमागं दत्तात्रेयाच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा सोनाबाई स्वतः गायली होती. नवऱ्याचं, धर्माजीचं, नाव घेऊन ती थांबली, आणि पुढं मुलांची नावं न घेता सरळ हळदीच्या गाण्याकडं वळली.

आता अमिषाच्या मांडवात गाणार होती सुचिता. विनेशची बायको, अमिषाची आई.

*

हळदीच्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं चौलहून तुळशी आली. सत्तरी ओलांडलेली, पाठीत वाकलेली, पण आवाज अजून करवंटीसारखा टणक. धवला, म्हणजे हे बोलावण्याचं गाणं, एकटीनं गात नाहीत. एक पुढं म्हणते, दुसरी मागं उचलते. सोनाबाईच्या मागं तुळशीनं चाळीस वर्षं उचललं होतं. मग मुलगी आजारी पडली आणि ती चौलला जाऊन राहिली, त्याला अकरा वर्षं झाली. सुचितानं स्वतः फोन करून तिला बोलावून घेतलं होतं. मुलीच्या मांडवात मागचा आवाज भक्कम हवा, एवढंच तिच्या मनात होतं.

तुळशी आली ती आधी सोनाबाईच्या खाटेवर बसली. तिनं सोनाबाईचे हात हातात घेतले.

"गो सोना, तोंडाला कुलूप लागलं तुझ्या," तुळशी म्हणाली. "बरं झालं. चाळीस वर्षं तूच बोलायचीस, मना जागाच न्हवती."

सोनाबाईच्या खांद्यांना हसू आलं. आवाज आला नाही.

घरामागं बोंबील सुकवायच्या वलांड्या होत्या. लग्नाचा आठवडा म्हणून त्या रिकाम्या होत्या, बांबू आणि दोऱ्या तेवढ्या. तिथं सावलीत चटई टाकून दोघी सरावाला बसल्या. समोर सूप, सुपात नारळ, बाजूला तांदळाची वाटी. प्रत्येक नावाला एक चिमूट सुपात. देवांची नावं झाली. एकवीरा आली, खंडोबा आला, गावदेवी आली, दर्या आला. मग घरची माणसं. सुचिता म्हणत होती :

"धर्माजीबाबा, मांडवी या,
नातीचे हलदीला तुम्ही या..."

तुळशीनं ओळ उचलली आणि न थांबता पुढं गेली : "आले गो आले, पितर आले, नवरीला हलद लावा गो..."

सुचिता थांबली होती. तिच्या चिमटीत तांदूळ होते आणि हात सुपाच्या कडेवर अधांतरी होता.

"थांबलीस कनाला?" तुळशीनं विचारलं. "इसरलीस?"

"नाय मावशी. इथं थांबायचं असतं ना? एक श्वास. आणि दोन चिमटी सुपाच्या बाहेर."

"सुपाच्या बाहेर?"

"हो. मग पुढची ओळ."

तुळशीनं मान तिरकी करून तिच्याकडं बघितलं. "कुनी सांगितलं तुला?"

"सांगितलं कुणी नाय. आई करायच्या तसंच मी उचललं. सगळ्या घरी तसंच करतो आम्ही. त्या दोन चिमटी चंद्रसूर्याच्या, असं मी समजत होते."

"चंद्रसूर्य सुरुवातीला येतात गो. गनपतीच्या मागनं." तुळशीनं तांदळाची वाटी जराशी दूर सारली. "चाळीस वर्षं मी तिच्या मागं गायले. हितं श्वास घ्यायलासुदीक जागा न्हवती. माझी फे फे उडायची. आनि सुपाबाहेर दाना पडला तर सोना माझ्या हातावर चापट मारायची. हे तिनं मागनं घातलंय. मी गेल्यावर."

सुचितानं चिमटीतले तांदूळ परत वाटीत सोडले. कुणाच्या तरी घरी नारळ फोडल्याचा आवाज आला, मांडवात कुणी तरी खुर्च्या उलगडत होतं. तिनं पहिल्यांदा सासूच्या मागं उचललं ते दोन हजार सतरात. होडी पालथी मिळाली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. ती तेव्हा चार महिने घराबाहेर पडली नव्हती. अंगणातली मासळी मांजरं ओढून न्यायची तरी ती उठायची नाही. एक दिवस सोनाबाई तिच्यापुढं लुगडं टाकून म्हणाली होती, 'ऊठ, भोईरांकडं हलद हाय. माझ्या मागं उचलायला कुनी न्हाय. घरात बसशील तर ह्या भिंती तुला खातील.' सुचिता उठली. दुसऱ्याच्या मांडवात, दुसऱ्याच्या मुलीसाठी गाताना दोन तास तिला आपलं घर विसरायला झालं. पुढं तेच तिचं औषध झालं. आठ वर्षांत तिनं शंभरावर मांडव गायले. पहिल्यांदा सासूच्या मागं, मग सासूच्या जागी. लोक तिला मानानं पाटावर बसवायचे. वाड्यातल्या कितीतरी मुली तिच्या तोंडानं सासरी गेल्या.

आणि त्या प्रत्येक मांडवात ती एक श्वास थांबली होती. दोन चिमटी. चंद्राची नव्हे, सूर्याची नव्हे.

दोन मुलांची.

ती उठली आणि आत गेली. सोनाबाई खाटेवर तशीच बसली होती, दाराकडं तोंड करून. खिडकी मागच्या अंगणातच उघडत होती. तिला सगळं ऐकू गेलं असणार.

"आई," सुचिता म्हणाली, "तुम्ही त्यांना बोलवत होता. आठ वर्षं. माझ्याकडनंपण बोलवून घेतलंत."

सोनाबाईनं पाटी घेतली. तीन शब्द लिहिले, दाखवले, पुसले, पुन्हा लिहिले.

'तोंडान बोलले न्हाय.'

'मनान बोलावले.'

'उपाशी कशे ठेवू.'

"मग तुम्हाला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून."

सोनाबाईनं पाटी पुसली. मग एकच शब्द लिहिला, आणि पाटी छातीशी उलटी धरली, जणू तो शब्द सुचितानं वाचायच्या आत तिला परत घ्यायचा होता. सुचितानं तो वाचला होता.

'आय.' आईला कळल्याशिवाय राहत नाही, एवढंच त्यात होतं.

*

दुपारी हळद कुटायला बायका मागं जमल्या. मुसळाचे ठोके आणि हसणं चालू होतं, पण सुचिताच्या आजूबाजूला हसणं जरा लवकर थांबत होतं. सगळ्यांना कळलं होतं. असल्या गोष्टी बोरखारात वाऱ्यापेक्षा आधी पोचतात.

क्रांती तिच्याजवळ येऊन बसली. कान्हाची बायको, सुचिताची धाकटी जाऊ. लग्न होऊन आठ महिने झाले होते तेव्हा नवरा आला नाही. त्या वेळी बावीस वर्षांची होती, आता एकतीस. वाड्यातल्या अंगणवाडीत ती मदतनीस होती, आणि पोरं तिला बाईपेक्षा जास्त ऐकत.

"ताई, तुळशीमावशी सांगते ते खरं?"

"खरं."

क्रांतीनं हातातली हळकुंडं खाली ठेवली. "म्हणजे आईंना पटलेलं होतं. आणि मला दोन वर्षांपूर्वी त्यांनी काय सांगितलं? 'नवरा जिता असताना दुसऱ्याचं नाव काढशील तर जीभ झडेल.' तेव्हा तुम्हीपण तिथंच उभ्या होतात ताई. तुम्ही खाली बघितलंत."

सुचितानं आताही खाली बघितलं. दोन वर्षांपूर्वी रेवदंड्याचा परेश, बर्फाच्या कारखान्यात कामाला असणारा, बायको गेलेला, सभ्य माणूस, क्रांतीसाठी विचारायला आला होता. सोनाबाईनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. तो अजून थांबलेला होता. दर महिन्याला त्याचा एक फोन यायचा, आणि क्रांती अंगणात जाऊन बोलायची.

"तुमचं वेगळं आहे," क्रांती म्हणाली. आवाज वर गेला नव्हता, त्यामुळे जास्त लागत होता. "तुमच्याजवळ अमिषा आहे. तुमच्याजवळ धवला आहे. तुम्ही मांडवात बसता, लोक पाया पडतात. माझ्याजवळ काय आहे? दुसऱ्यांची पोरं, दोन वाजेपर्यंत. दोन वाजले की त्यांच्या आया त्यांना घेऊन जातात."

"क्रांते—"

"आज नाव नाही घेतलंत तर ह्या घरात पुढचं लग्न भावजींच्या साहिलचं. साहिल आठवीत आहे, ताई. दहा वर्षं. मी एक्केचाळीसची होईन. मी तुमच्याकडं पैसा मागत नाही, वाटा मागत नाही. तोंडातला एक शब्द मागते."

मुसळ थांबलं होतं. तुळशी भिंतीला टेकून पान चघळत होती, ती म्हणाली, "शब्द लहान न्हाय गो क्रांती. त्या शब्दात तिचं कुंकू हाय. तिच्या लेकीची पयली हलद हाय."

हेच तर होतं. ओळ आधी, हळद मागून. मुलीला पहिली हळद आई लावते, पण सवाष्ण आई. ओळीत विनेशचं नाव आलं, की त्या घटकेपासून सुचिताचा हात हळदीच्या वाटीला लागणार नव्हता. अमिषा लहान असताना मांडव-मांडव खेळायची, तेव्हा बाहुलीच्या गालाला हळद लावून म्हणायची, 'माझी आई मला अशी लावणार.'

"मावशी," सुचितानं विचारलं, "तुम्हाला कधी वाटलं नाही? कपाळ मोकळं असताना दुसऱ्यांच्या मुलींना गायचं?"

"वाटलं न्हाय कसं?" तुळशी म्हणाली. "सव्वीस वर्षांची होते मी. पयल्यांदा बसले तेव्हा नवऱ्यामुलाची चुलती म्हनाली, 'ही पांढऱ्या कपालाची कशाला?' सोनानं धवला तिथंच थांबवला. म्हनाली, 'पितरांना वलखनारी बाय लागते. तुमच्यातली कोन वलखते?' सगळ्या गप. तवापास्नं मना कुनी इचारलं न्हाय." तिनं पान गालात फिरवलं. "हलद लावायला हजार हात हायेत गो. बोलवायला तोंड एकच असतं. मना जगायला तेवढं पुरलं. तुला पुरेल का, ते मी कसं सांगू?"

सुचिता उठून आत आली, तर रचना तिला कोठीच्या खोलीत गाठायला उभीच होती. पत्रिकांवरून सर्वांत जास्त आदळआपट रचनानंच केली होती. आता तिचा चेहरा उतरलेला होता.

"सुचिता, क्रांतीचं ऐकू नको. आज नाव घेऊ नको."

"तुम्हीच तर म्हणत होता ताई, एकदाचं मिटवा."

"म्हनत होते. मना कुठं सुचलं, की मग पयली हलद मना लावायला लागेल?" रचनानं पदराचं टोक मुठीत धरलं होतं. "आईच्या देखत तिच्या पोरीला मी लावू? माझा हात जळंल गो. लोक म्हनतील, थोरलीनं धाकटीची जागा घेतली. नऊ वर्षं थांबलं, आनखी दोन दिवस थांबलं तर काय होतंय?"

"दोन दिवस नाही ताई. दहा वर्षं. क्रांतीची."

रचना वाटेतून बाजूला झाली.

आतल्या खोलीत अमिषा पलंगावर बसली होती, मैत्रिणी तिच्या हातावरची मेंदी सुकवत होत्या. आईला बघून तिनं त्यांना बाहेर काढलं. पनवेलला एका कंपनीत ती दोन वर्षं कामाला होती. बोलणं तसं सरळ, तोडून टाकल्यासारखं.

"आई, मी एकच सांगते. मला पहिली हळद तुझ्या हातची पाहिजे. नंतर तुम्हाला काय करायचं ते करा. स्वराजच्या घरी, मुरुडला, मी स्पष्ट सांगितलंय, माझे बाबा मिसिंग आहेत. त्यांना प्रॉब्लेम नाही."

"आणि काकी?"

अमिषाचे डोळे भरले, पण ती रागावलीच. "माझ्याच लग्नात का? सगळ्यांना माझ्याच लग्नात का मरायचंय?"

बोलून गेल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला. ओली मेंदी हनुवटीला लागली. सुचितानं पदरानं ती पुसली आणि ती बाहेर आली.

*

चार वाजता मुरुडहून टेम्पो आला. नवऱ्याकडच्या बायका हळदीची ताटं घेऊन उतरल्या. डीजेवाल्याला दत्तात्रेयानं हातानं खूण केली आणि मांडवात एकदम शांतता पडली. उंबराच्या फांदीखाली पाट मांडला होता. अमिषा पाटावर बसली. घरचा कर्ता म्हणून दत्तात्रेय सूप धरून बसला. सोनाबाईला खुर्चीवर बसवून आणलं होतं, तीसुद्धा सुपाच्या अगदी जवळ. तिचं म्हणणंच तसं होतं. पाटी तिच्या मांडीवर होती, कोरी.

सुचिता बसली, मागं तुळशी बसली. सुचितानं हिरवी साडी नेसली होती, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

दत्तात्रेय तोंड न हलवता म्हणाला, "सुचिता, आज घे. मी पाया पडतो तुझ्या."

"भावजी—"

"त्या दिवशी होडीवर माझी पाळी होती. मी डिझेलच्या कागदासाठी अलिबागला गेलो, म्हणून कान्हा गेला. रोज रात्री दोघं दारात येऊन उभे राहतात. आत घे त्यांना."

हे त्यानं नऊ वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. पलीकडं बसलेल्या रचनानं ऐकलं, आणि तिनं नवऱ्याकडं असं बघितलं की जणू हा माणूस तिला आजच भेटला.

सुचितानं धवला उचलला. गणपती आला, चंद्र-सूर्य आले. चंद्र-सूर्य सुरुवातीलाच आले होते, आणि इतकी वर्षं तिच्या ते ध्यानात कसं आलं नाही, याचं तिला गातागाताच नवल वाटलं. एकवीरा आली, खंडोबा आला, गावदेवी आली. दर्या आला, तुळशीनं मागून त्याची ओळ उचलली. धर्माजीचे आजे आले, पणजे आले. चिमटीचिमटीनं सुपात तांदूळ पडत होते.

"धर्माजीबाबा, मांडवी या,
नातीचे हलदीला तुम्ही या..."

तुळशीनं ओळ उचलली. आणि या वेळी तुळशीही थांबली.

एक श्वास. सुचिताच्या हातानं सवयीनं दोन चिमटी घेतल्या आणि सवयीनंच सुपाच्या बाहेर सोडल्या. एक, दोन. शेणानं सारवलेल्या जमिनीवर पांढरे दाणे पडले. आता पुढची ओळ घेतली, की सगळं आहे तसंच राहणार होतं. कुंकू राहणार होतं, हळदीची वाटी हातात येणार होती, लेक हसणार होती. मुरुडच्या बायकांना काही कळलंसुद्धा नसतं.

तिनं मान वर केली. मांडवाच्या खांबाला टेकून क्रांती उभी होती. ती सुचिताकडं बघत नव्हती. ती जमिनीवरच्या दाण्यांकडं बघत होती. मंगळसूत्र तिनं मुठीत धरलं होतं, घट्ट, जसं समुद्रात पडलेला माणूस दोर धरतो तसं. आणि सुचिताला वाटलं, हा दोर आपण सगळ्यांनी धरलाय, पण ओढतोय तिला एकटीला.

श्वास संपला.

"विनेशबाबा, मांडवी या," सुचितानं म्हटलं.

मांडवात कुणी तरी "अगो बाय" म्हणालं.

"लेकीचे हलदीला तुम्ही या...
कान्हाबाबा, मांडवी या,
पुतनीचे हलदीला तुम्ही या..."

मागून ओळ आली नाही. तुळशीचा तो करवंटीसारखा आवाज फुटला होता. सुचिता एकटीच होती, आणि धवला असा तुटला तर अपशकुन. ती तीच ओळ पुन्हा म्हणू लागली, एकदा, दोनदा, डोळे मिटून, कारण डोळे उघडले तर सोनाबाईचा चेहरा समोर असणार होता.

तिसऱ्यांदा म्हणताना तिला खुर्चीची करकर ऐकू आली. तिनं डोळे उघडले. सोनाबाई खाली उतरली होती. शहात्तर वर्षांची बाई गुडघे टेकून जमिनीवर बसली होती आणि सारवलेल्या जमिनीवरचे दाणे बोटांनी वेचत होती. एकेक. पत्रिकेवरचं अक्षर शोधावं तसं बोट फिरत होतं. दत्तात्रेय मदतीला वाकला, तर तिनं त्याच्या हातावर चापट मारली. सगळे दाणे ओंजळीत गोळा झाल्यावर तिनं ते सुपात सोडले, धर्माजीच्या दाण्यांवर. मग हात जोडले. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. पण ज्यांनी तो पन्नास वर्षं ऐकला होता, त्यांना ओळ कळली. ती मागून उचलत होती.

तुळशीला गळा सापडला. "आले गो आले, पितर आले..."

सुचितानं दोन ओळींच्या मध्ये पदराच्या टोकानं कपाळ पुसलं. मंगळसूत्र काढून ते सुपाशेजारी ठेवलं. एवढं करताना तिचा सूर हलला नाही. रडणं आलं ते क्रांतीला. जिनं तो शब्द मागितला होता, तीच मंगळसूत्र उतरवून खांबाशी खाली बसली आणि मोठ्यानं रडली, कान्हाचं नाव घेऊन, नऊ वर्षांत कुणासमोर रडली नव्हती तशी. अंगणवाडीतली दोन पोरं येऊन तिच्या पाठीवर थापटू लागली.

पहिली हळद रचनानं लावली. अमिषानं ती लावून घेतली. आईकडं तिनं बघितलं नाही. मान ताठ, जबडा आवळलेला. पाच सवाष्णी झाल्या, मुरुडच्या बायका झाल्या. सुचिता गात होती. त्या मांडवात तिचं काम तेच होतं, आणि त्या दिवशी त्या कामानं तिला तारलं की बुडवलं, हे तिला स्वतःला अजून सांगता येत नाही. अमिषा तिच्याशी बोलली ते तिसऱ्या दिवशी, पाठवणीच्या गाडीत बसताना. "सांभाळ," एवढंच. पण बोलली.

परेश आषाढ लागायच्या आधी येऊन क्रांतीला घेऊन गेला. नोंदणी अलिबागला झाली. त्याला पाणी सोनाबाईनं स्वतः आणून दिलं.

त्याआधीची एक गोष्ट. पाठवणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सोनाबाईनं उरलेल्या पत्रिका मागवल्या. अकरा उरल्या होत्या. तिनं त्यातली एक घेतली. निळ्या खोडाखोडीच्या वर जागा कमी होती, आणि तिचं अक्षर मोठं. तरी तिनं जपून, खाली पुस्तक घेऊन, पुन्हा 'कै.' लिहिलं. मग पत्रिका उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूला कान्हाचंही नाव लिहिलं, त्याच्याही आधी तेच अक्षर. ती पत्रिका अजून नाखव्यांच्या देव्हाऱ्यात आहे, धर्माजीच्या फोटोच्या मागं उभी.

विनेश धर्माजी नाखवा आणि कान्हा धर्माजी नाखवा हे दोघे सख्खे भाऊ दोन हजार सोळा सालच्या ऑगस्टच्या बावीस तारखेला, नारळी पुनवेनंतरच्या सोमवारी, समुद्रात वारले.